बेडकाची नक्कल

आमच्या पुसदच्या घरात गळ दोनच प्रकारचे होते. एक आजोबांच्या पत्र्याच्या डबीतला, आठवडी बाजारातून कागदाच्या पुडीत आणलेला आणि आता गंजलेला. दुसरा मी मोबाइलवरून मागवलेला, रबरी बेडकाच्या पाठीला चिकटून आलेला. हिरवा बेडूक, पिवळं पोट, मागे पायांच्या जागी रबराच्या झिरमिळ्या. आई म्हणाली, "खेळणं मागवलं का रे?" मी म्हटलं, "हो, मरळीसाठी."

श्रावण होता. पूस धरणाच्या फुगवट्यात शेतं बुडाली होती, वर हिरवं गवत तरंगत होतं. मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे होता तिच्या माणसाला विचारून मी काठावर उभा राहिलो. गवताच्या कडेला पाण्यावर एक तांबूस ठिपका हलत होता, ताटलीएवढा. त्या जागी पाणी बुडबुडत होतं, जणू पाऊस तेवढ्याच जागेवर पडतोय. एका व्हिडिओत पाहिलं होतं, की अशा ठिपक्याजवळून बेडूक ओढला की मरळ हमखास येते. मी तो पलीकडे फेकला आणि टुणूक टुणूक ओढत आणला. तिसऱ्याच फेकीला पाणी फुटलं. दोन किलोच्या आसपासची मरळ होती. फोटो काढला, मित्रांना पाठवला आणि मासा पिशवीत टाकला.

शेजारी जाळं धुणारे एक भोई काका सगळं बघत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरा, माय होती थे. तिचे लेकरं हायेत ना त्या लाल ठिपक्यात."

मला काही सुचेना. काका जाळं झटकत पुढे म्हणाले, "आता दोन दिवसात दुसरे मासे खाऊन टाकतीन सारे. मी भी मारल्या हायेत लय मरळी. पन लेकरं संग असल्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. ठिपका कुठे दिसला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. मरळीला भूक नव्हती, ती पिल्लांवर आलेल्या बेडकाला हाकलायला आली होती. मी तिच्या भुकेला फसवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण मग माशाला फसवायची ही कला कुठून आली? माझ्या हातातला रबरी बेडूक किती जुना? शोधायला लागलो आणि वाट बरीच लांब निघाली.

सुरुवात शब्दापासून करतो. मराठीत आपण "आमिष" म्हणतो. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून तर शाकाहारी जेवणाला "निरामिष" म्हणतात. गळाला लावायचं ते मांसच, गांडूळ नाहीतर छोटा मासा, हे त्या शब्दातच गृहीत आहे. रबराचा, लाकडाचा किंवा पत्र्याचा खोटा घास म्हणजे मग निरामिष आमिष झालं! त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्दच रुळला नाही, म्हणून आज सगळी पोरं सरळ "लुअर" म्हणतात. गळ मात्र भाषेत पुरता भिनला आहे. आपण कुणाला गळ घालतो, कुणी कुणाच्या गळाला लागतो.

गळ म्हणून वस्तू तर फारच जुनी. हडप्पा संस्कृतीच्या वस्त्यांमधून तांब्याचे गळ सापडले आहेत. पण मासेमारी पोटासाठी करणं वेगळं आणि तिच्यावर बसून लिहिणं वेगळं. दक्षिणेत ते लिहिणारा माणूस एक राजा होता.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ११२६ च्या सुमारास गादीवर आला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याने "मानसोल्लास" हा संस्कृत ग्रंथ रचला, शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं इथपासून स्वयंपाक, संगीत, हत्ती, कुस्तीपर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याची नोंदही याच ग्रंथात आहे, त्यामुळे मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात. त्यातल्या राजाच्या करमणुकींच्या भागात एक प्रकरण आहे, "मत्स्यविनोद". मासे पकडण्याची मौज.

सोमेश्वर तिथे सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावं देतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे-मध्यम-लहान कोणते, असे गट पाडतो. कोणत्या माशाला काय खायला घालावं हे सांगतो. एकाला पिठाचे गोळे, दुसऱ्याला मांस. आधी एका जागी चारा टाकून माशांना त्या जागेची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा. आज तळ्यावर कटला-रोहूसाठी पीठ मळून बसणारा माणूस हेच करतो. मासा ओळखा आणि मगच आमिष ठरवा, हा लुअर निवडण्याचाही पहिला नियम आहे. तो नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी लिहून ठेवलेला होता.

"आपल्या शेजारी" हे मी उगाच म्हणत नाही. पुसद तालुक्यातल्या डोंगरगावला शके १०३४ चा, म्हणजे १११२ चा शिलालेख आहे. वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. चालुक्यांकडे आलेल्या जगद्देव या परमार राजपुत्राच्या काळातला तो लेख. तेव्हा कल्याणीच्या गादीवर सहावा विक्रमादित्य होता, सोमेश्वराचा बाप. म्हणजे ज्या घरात मत्स्यविनोद लिहिला गेला, त्या घराची सत्ता पूस नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचलेली होती. सोमेश्वराने इथे येऊन गळ टाकला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या राज्यात इथले मासेही होते, एवढं म्हणता येतं.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून टप्प्याटप्प्याने छापला गेला. आणि १९५१ मध्ये सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने मत्स्यविनोदावर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हा कुठे मासेवाल्यांचं तिकडे लक्ष गेलं.

मधल्या काळात इंग्रज आले. आधी आला साइक्स. कर्नल विल्यम हेन्री साइक्सने दख्खनच्या माशांची पाहणी केली आणि १८३९ मध्ये नव्या जातींची वर्णनं छापली. नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द तसेच उचलून लॅटिनला जोडले. आपला शिंगाळा आजही शास्त्रात "सीनघाला" आहे आणि दख्खनचा महसीर "खुद्री". ज्या कोळ्या-भोयांनी ते मासे दाखवले असतील त्यांची नावं कुठे नाहीत, पण त्यांचे शब्द जगभरच्या संग्रहालयांत बाटल्यांवर चिकटवलेले आहेत.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. त्याच काळात एच. एस. थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये "द रॉड इन इंडिया" आणि १८८७ मध्ये "टँक अँगलिंग इन इंडिया" ही पुस्तकं लिहिली. साहेबाबरोबर खोटा घासही इथे आला. चमच्यासारखा चमकणारा पत्रा पाण्यातून ओढायचा, तो डुलतो, उजेड मारतो आणि महसीर त्यावर झेपावतो. हा "स्पून" म्हणजे खरोखरच चमचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएलच्या हातून जेवताना चमचा तळ्यात पडला, तो हेलकावत बुडताना माशाने झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो-नसो, १८५२ मध्ये त्याने पेटंट घेतलं हे खरं.

दुसरी गोष्ट फिनलंडची. तिथल्या तळ्यांत पाइक नावाचा लांब तोंडाचा, दातेरी शिकारी मासा असतो. लौरी रापाला हा गरीब मच्छीमार नावेतून बघत राहायचा. त्याच्या लक्षात आलं, की पाइक छोट्या माशांच्या थव्यातला नेमका तोच मासा उचलतो जो जरा लंगडत पोहतो. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा चाकूने कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वर थर दिला. ओढला की तो लंगडत चालायचा. आज ते नाव दुकानादुकानात आहे.

तिसरी गोष्ट बासची. अमेरिकेत हा मासा गवतात, बुडालेल्या झाडांत दबा धरून बसतो. तिथे उघडा गळ टाकला की गवतच जास्त लागतं. १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीमने घरच्या शेगडीवर मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतला. पुढे टेक्सासमध्ये त्याला ओवायची नवी पद्धत निघाली. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून थोडं घालून बाहेर काढायचं, फिरवायचं आणि अंगात परत रुतवून लपवायचं. समोर गोळीच्या आकाराचं शिसं. आता तो गवतातून सरपटत जातो, अडकत नाही. माशाने चावलं की मऊ प्लास्टिक दबतं आणि टोक बाहेर येतं.

पाइक आणि बास आपल्या जिल्ह्यात नाहीत. पण दोघांचा स्वभाव एका अंगात घेऊन बसलेली मरळ आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणात तर ती राज्याचा मासा आहे. ती गवतात दबा धरते आणि जवळ आलेल्यावर एका झेपेत तुटून पडते. तिला वरून हवा घ्यावी लागते, म्हणून चिखलाच्या डबक्यातही जगते. आपल्याकडचे जुने लोक तिच्यासाठी गळाला जिवंत बेडूक लावत. माझा रबरी बेडूक म्हणजे त्याच बेडकाची नक्कल, टेक्सासची युक्ती घेऊन. आत पोकळ अंग, पाठीला घट्ट चिकटलेला दुहेरी गळ, दोन्ही टोकं वर. मरळीच्या जबड्यात अंग चेपतं, तेव्हाच गळ उघडा पडतो. म्हणून झडप पडल्यावर लगेच हिसका द्यायचा नाही. तिने घास आत घेऊन तोंड वळवलं की मगच.

निवड कशी करायची, हे आता मला थोडं कळतं. दाट गवत असेल तर बेडूक. उघड्या, वाहत्या पाण्यात स्पून नाहीतर लाकडी मासा. गढूळ पाण्यात दिसण्यापेक्षा धरधर जास्त कामाची, तिथे फिरणारं पातं लावलेलं काहीतरी. संध्याकाळी वरून चालणारा काळा बेडूक, कारण खालून बघणाऱ्या माशाला आभाळापुढे काळी सावलीच स्पष्ट दिसते. पाइकसाठी दोऱ्याच्या टोकाला तार लावतात, नाहीतर तो दातांनी कापतो. मरळीला बहुतेक वेळा जाड विणलेला दोरा पुरतो, आणि तो हवाच, कारण लागल्याबरोबर ती गवतात घुसते.

पण हे सगळं साधन मी वापरलं त्या दिवशी एक गोष्ट या यादीत नव्हती. सोमेश्वर, ब्यूएल, रापाला, क्रीम हे सगळे भुकेल्या माशाला फसवत होते. पिल्लांवर असलेली मरळ भुकेने येत नाही. तिथे लुअर निवडायचं कौशल्यच लागत नाही, काहीही फेका, ती येणारच. आणि ती गेली की शेकडो पिल्लांचा राखणदार गेला. काका तिला माय म्हणाले. राखण करणारा कधी बापही असतो. पिल्लांना त्याने काय फरक पडतो?

१९६० च्या महाराष्ट्र मत्स्योद्योग कायद्यात सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारायला बंदी आहे. हातातल्या मोबाइलवर शिकलेल्या युक्तीसाठी मात्र कुठला कायदा आठवण करून देत नाही. ते काकांसारख्या कुणीतरी सांगावं लागतं. त्या पाण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांना पुढच्या वर्षीची मरळ हवी असते. माझं पोट तिच्यावर नव्हतं, मला फोटो हवा होता.

आता मी पावसाळ्यात मरळीवर गळ टाकत नाही. थंडी सरली की जातो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला आहे, म्हणजे मासा सोडायचा झाला तर तोंड फाटत नाही. तांबूस ठिपका दिसला की काठी खाली ठेवतो आणि बघत बसतो. ती पिल्लं हवा घ्यायला वर येतात तेव्हा पाणी खरंच पाऊस पडल्यासारखं दिसतं.

मागच्या खेपेला काका भेटले. माझा बेडूक हातात घेऊन उलटापालटा केला, पोट दाबून बघितलं, गळ कसा बाहेर येतो ते दोनदा करून पाहिलं.

"कितीचा आहे बे?"

"तीनशेचा, काका."

ते हसले. "आमचा फुकट होता, बाप्पा. पन हा ओरडत नाही, हे बरं हाय."