एक पौंड धान्य : १८७७ चा दुष्काळ आणि पोषणाचा वाद

१/ पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे ही यादी आपण शाळेतच पाठ केली. माणसाच्या शरीराला अन्नातून नेमके काय लागते, हा प्रश्न मात्र दीडशे वर्षांपूर्वी दुष्काळी कामावरच्या लाखो मजुरांच्या जिवाशी येऊन ठेपला होता. आजचा धागा त्या वादाविषयी.

२/ १८७६ साली दख्खनेत पाऊस फसला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, माती वाहणे अशा कष्टांच्या बदल्यात मजुरी मिळे. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना धाडले.

३/ हेच टेंपल १८७४ च्या बिहार दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना जगवणारे अधिकारी. तेव्हा मृत्यू फार थोडे झाले, पण उधळपट्टीचा ठपका त्यांच्या माथी आला. या खेपेस त्यांनी काटकसरीचे धोरण धरले.

४/ त्यांनी ठरवलेली मजुरी अशी : पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे. स्त्रिया व मुलांना त्याहून कमी. इतिहासात ही ‘टेंपल मजुरी’ म्हणून ओळखली जाते.

५/ आजच्या मापाने हिशेब करू. ४५० ग्रॅम ज्वारीतून सुमारे १,५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची गरज ३,५०० च्या आसपास असते. ऊर्जा अपुरी पडली की शरीर आधी साठवलेली चरबी आणि मग स्वतःचे स्नायूही जाळू लागते. अन्नातली प्रथिनेसुद्धा शरीराची झीज भरून काढण्याऐवजी इंधन म्हणून खर्ची पडतात.

६/ मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी या मजुरीला उघड विरोध केला. कष्टकऱ्यास किमान दीड पौंड धान्य हवे आणि त्याला प्रथिनांची व भाजीपाल्याची जोडही हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

७/ ही मागणी काळाच्या पुढची होती काय? तसे म्हणता येत नाही. विल्यम प्राउट यांनी १८२७ मध्येच अन्नघटकांचे शर्करायुक्त, स्निग्ध आणि प्रथिनयुक्त असे तीन वर्ग मांडले होते. ‘जीवनसत्त्व’ ही संकल्पना १९१२ ची, हे खरे. परंतु ताज्या भाज्या-फळांवाचून स्कर्व्ही होतो, हे अठराव्या शतकापासून ठाऊक होते. अडचण ज्ञानाची नव्हती, खर्चाची होती.

८/ मुंबई इलाख्यात लाखाच्या घरात मजुरांनी ही मजुरी नाकारून काम सोडले. उपाशी माणसांनी पुकारलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी लावून धरली.

९/ मार्च १८७७ मध्ये मद्रास सरकारने धान्य सव्वा पौंडावर नेले आणि डाळीची जोड दिली. कॉर्निश यांची मागणी अर्धीच मान्य झाली. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले.

१०/ या दुष्काळात ब्रिटिश मुलखात सुमारे ५५ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. हे सारे मृत्यू एका मजुरीच्या दरावर टाकता येणार नाहीत. पटकी आणि तापाच्या साथींनीही असंख्य बळी घेतले. मात्र या साथी ज्या देहांवर आल्या, ते आधीच उपासमारीने खंगलेले होते.

११/ १८८० च्या दुष्काळ आयोगाने मजुरासाठी सुमारे दीड पौंड पीठ आणि सोबत डाळ, असे प्रमाण सुचवले. ते कॉर्निश यांच्या मागणीच्या किती जवळचे आहे, पाहा! दुष्काळाचे दप्तर वाचताना म्हणूनच शिध्याचा रकाना वगळू नये. माणसाला नुसते तगवायचे की कष्ट करण्याजोगे पोसायचे, याविषयी सरकारचा विचार त्या आकड्यांतून कळतो.