माळ्यावरची जुनी पोथी संशोधकांना का हवी असते?

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरमध्ये एका जुन्या घराची आवराआवर सुरू आहे आणि माळ्यावर लाल कापडात बांधलेली पोथी सापडते. एक जण म्हणतो नदीत सोडा, दुसरा म्हणतो देवघरात ठेवा, तिसरा फोटो टाकून किंमत विचारतो. संशोधकांना अशी पोथी का हवी असते, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

महाराष्ट्रात हस्तलिखितं पद्धतशीर गोळा करण्याचं काम मुंबई सरकारने १८६६ साली सुरू केलं. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रा. गो. भांडारकर अशा अभ्यासकांनी १७ हजारांहून जास्त पोथ्या जमवल्या. आधी त्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होत्या, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली आणि १ एप्रिल १९१८ रोजी हा संग्रह तिच्याकडे आला. गंमत म्हणजे या सरकारी संग्रहातल्या पोथीच्या क्रमांकातच ती कोणत्या वर्षी मिळवली ते लिहिलेलं असतं.

एकाच ग्रंथाच्या इतक्या प्रती कशाला?

कारण छपाई नव्हती तेव्हा प्रत्येक प्रत हाताने उतरवली जायची. लेखनिकाच्या हातून कधी ओळ सुटायची, कधी शब्द बदलायचा, कधी तो स्वतःची भर घालायचा. पुढची नक्कल त्या चुकांसकट व्हायची. कोणती भर नंतरची, हे ओळखायचं तर वेगवेगळ्या प्रदेशांतल्या प्रती शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहावा लागतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशीच केली. वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. १९१९ साली सुरू झालेलं काम १९६६ साली पूर्ण झालं. सुखटणकर १९४३ मध्येच गेले होते.

पोथीचं शेवटचं पान तर खजिनाच. तिथल्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. पोथी कुणी, कुठे, कोणत्या शकात आणि कुणासाठी लिहिली, हे बऱ्याचदा तिथेच कळतं. (शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो.) मधल्या पानांवर कुठे पिवळे ठिपके दिसले तर डाग समजू नका. चुकलेलं अक्षर झाकायला तिथे हरताळ लावलेला असतो. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला.

पानं सुटी केली की हे सगळं हरवतं. अमेरिकेत ऑटो एगे नावाच्या संग्राहकाने मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितं चक्क फाडली आणि सुट्या पानांचे संच ग्रंथालयांना विकले. विद्यार्थ्यांना खरं पान हाताळायला मिळालं, हे खरं. पण ग्रंथ गेला तो गेलाच. आज अभ्यासक तीच पानं इंटरनेटवर शोधून पुन्हा जुळवतायत.

जमवलेला संग्रहही कायमचा सुरक्षित असतो असं नाही. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला आणि मोठं नुकसान झालं. डिजिटल प्रत असणं किती गरजेचं आहे, हे यावरून कळतं.

मग सापडलेल्या पोथीचं काय करायचं? चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. उन्हात वाळवू नका. पानांचा क्रम न बदलता पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा आणि जवळच्या विद्यापीठातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या जाणकाराला दाखवा. पोथी द्यायची नसेल तर फक्त स्कॅन करू देता येतं. आणि विकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेलं ७५ वर्षांपेक्षा जुनं हस्तलिखित पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.