सातत्यदोष, ‘स्टार ट्रेक’मधील

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिकेच्या विविध भागांतील परस्परविसंगत तपशील व कथानकातील तर्कदोष (→ विज्ञानकथा).

उगम : जीन रॉडनबेरीनिर्मित मूळ मालिका १९६६–६९ या काळात एनबीसी वाहिनीवरून प्रक्षेपित झाली. भाग निरनिराळ्या लेखकांनी लिहिले. काल्पनिक विश्वाचे बरेच नियम लेखन-चित्रीकरण चालू असतानाच ठरत गेले. पुढील मालिका व चित्रपटांमुळे विसंगतींत भर पडली.

वैशिष्ट्ये : (१) तपशिलातील दोष : दुसऱ्या पथदर्शी भागातील थडग्याच्या दगडावर कर्क या नायकाच्या नावातील मधले आद्याक्षर ‘आर’ आहे, पुढे ते ‘टी’ (टायबेरियस) झाले. (२) घटनाक्रमातील दोष : १९८२ च्या चित्रपटात खान हा खलनायक चेकॉव्हला ओळखतो, परंतु खानचा मूळ भाग (फेब्रुवारी १९६७) प्रक्षेपित झाला तेव्हा चेकॉव्ह हे पात्र मालिकेत नव्हते. (३) दृश्यरूपातील दोष : मूळ मालिकेत सपाट कपाळाचे असलेले क्लिंगॉन हे परग्रहवासी १९७९ च्या चित्रपटापासून उंचवटेदार कपाळाचे दिसतात (→ रंगभूषा).

महत्त्व : विसंगतीला कथेतूनच स्पष्टीकरण देण्याच्या पद्धतीचे (→ पूर्वलक्षी सातत्य) हे ठळक उदाहरण होय. क्लिंगॉनांच्या रूपभेदाचे कारण ‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्राइझ’ या नंतरच्या मालिकेने २००५ मध्ये जनुकीय प्रयोगातून उद्भवलेला विषाणू असे दिले.