अपस्मार आणि रक्ताचा दोष

रोगाचे कारण कळेपर्यंत माणूस थांबत नाही. तो दोष कोणाच्या तरी माथी मारून मोकळा होतो. अपस्माराच्या बाबतीत हा दोष कधी देवाच्या कोपावर ठेवला गेला, कधी भूतबाधेवर, आणि विसाव्या शतकात घराण्याच्या रक्तावर. आपल्याकडे याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात. झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा अथवा जोडा धरण्याची रीत जितकी जुनी, तितकीच सोयरीक जुळविताना हा विकार लपविण्याची रीतही जुनी आहे. या लपवालपवीच्या मुळाशी एकच समज आहे : हा रोग बीजातून उतरतो.

चरकसंहितेने स्मृतीचा लोप हे अपस्माराचे मुख्य लक्षण मानले आणि वात, पित्त, कफ व सन्निपात यांपासून होणारे त्याचे चार प्रकार वर्णिले. ग्रीस देशात लोक त्याला 'पवित्र रोग' म्हणत. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने मात्र असे प्रतिपादन केले की, हा रोग इतर रोगांहून तिळभरही अधिक पवित्र नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे आणि अन्य रोगांप्रमाणेच तो कुळातून येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आनुवंशिकतेचा विचार प्रथम पुढे आला तो रोग्याला दैवी कोपाच्या शिक्क्यातून सोडविण्यासाठी. पुढे त्याच विचाराचा दुसरा शिक्का व्हावा, हा इतिहासाचा विपर्यास होय.

१८७३ साली इंग्लंडमधील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन याने झटका म्हणजे मेंदूतील करड्या भागात अकस्मात होणारे शक्तीचे अतिरिक्त विसर्जन, अशी व्याख्या केली. जर्मनीत हान्स बर्गर याने मानवी मेंदूतील विद्युल्लहरींचे आलेख १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर अपस्माराच्या लहरी कागदावर डोळ्यांना दिसू लागल्या.

परंतु याच काळात सुप्रजाशास्त्राचे वारे वाहत होते. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले नियम माणसाच्या सर्व व्याधींना सरसकट लावण्याची घाई झाली. १९११ साली अमेरिकेत डॅव्हनपोर्ट आणि वीक्स यांनी अपस्मार व मतिमंदता हे एकाच प्रकारे वारशाने येणारे दोष असल्याचा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष टिकला नाही. परंतु अशा विचारांतून झालेले कायदे टिकले. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत आनुवंशिक अपस्माराचे नाव होते. त्या कायद्याखाली विविध व्याधींच्या सुमारे चार लक्ष माणसांचा संततीचा हक्क हिरावला गेला.

भारतानेही या समजापुढे मान तुकविली, ती सौम्य रीतीने. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींत अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने तो आणला : वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र ठरविण्यात आले. हा शब्द १९९९ मध्ये वगळला गेला. तेवीस वर्षे फेफरे आणि वेड एकाच ओळीत नांदत होते.

ज्या शास्त्राचा आधार घेऊन हे घडले, त्याच शास्त्राने पुढे या समजाला छेद दिला. १९९५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कुटुंबातील निद्राकालीन अपस्माराचे जनुक सापडले; तेथे विकार खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. परंतु २००१ साली बेल्जियममधील संशोधकांनी ड्रॅव्हे नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीव्र बालअपस्माराची सात मुले तपासली. सातांमध्येही मज्जापेशींत सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या एकाच जनुकात बिघाड आढळला, आणि तो त्यांच्या आईबापांत नव्हता. तो बिघाड मुलात नव्यानेच उपजला होता. म्हणजे विकार जनुकीय असूनही वारशाचा नव्हता. घराण्याला बोल लावण्यास तेथे जागाच उरली नाही.

अपस्माराच्या नेहमीच्या प्रकारांत तर कोणतेही एक जनुक दोषी नसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे तीस हजार रुग्णांच्या जागतिक अभ्यासात धोक्याशी संबंधित २६ जनुकस्थाने आढळली. अशा फेरफारांपैकी एकेकाचा प्रभाव अल्प असतो, आणि ते निरोगी माणसांतही असतात. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील लोकसंख्येच्या २०१४ मधील अभ्यासात रुग्णांच्या आईबाप, भावंडे व मुलांपैकी चाळिशीपर्यंत शेकडा पाचांहूनही कमी जणांना हा विकार झाल्याचे दिसले. सर्वसाधारण माणसापेक्षा हा धोका सुमारे तिप्पट खरा. तरीही शंभरांतले पंचाण्णव त्यातून सुटतात. शिवाय भारतात अनेकांना हा विकार जडतो तो मेंदूत शिरलेल्या पट्टकृमीच्या अळ्यांमुळे किंवा डोक्याला झालेल्या इजेमुळे. त्याचा कुळाशी संबंध नाही.

आज जनुकांची तपासणी होते ती कोणाचे लग्न मोडण्यासाठी नव्हे. ड्रॅव्हेच्या विकारात सोडियमचा मार्ग रोखणारी काही नेहमीची औषधे झटके वाढवितात. जनुक कळले तर वैद्य ती टाळू शकतो. रक्तातला दोष शोधणाऱ्या शास्त्राने अखेर रोग्याच्या हाती योग्य औषध द्यावे, हाच त्याचा खरा उपयोग होय. कायद्याच्या पुस्तकातून तो शब्द १९९९ मध्येच गेला. सोयरीक जुळविणाऱ्यांच्या मनातून तो जाणे अद्याप बाकी आहे.