पिशवीवरची अक्षरे

यवतमाळ जिल्ह्याला 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणत. नाव बदलले, पण पीक कपाशीच राहिले. जिनिंग कारखाने येण्याआधी रेच्यावर रुई काढली, की उरलेली सरकी हेच पुढच्या वर्षाचे बियाणे. त्याचा मालक कोण, हे विचारायचे कारणच पडत नसे. इंग्रजी अमदानीत शेतकी खात्याने वऱ्हाडात ‘रोझियम’ नावाचा वाण पसरवला. त्याचा धागा आखूड, पण रुईचा उतारा मोठा. म्हणून व्यापाऱ्याला तो आवडला. हा वाण निवडला सरकारी पगारावरच्या माणसांनी. पगार दिला म्हणजे शोधही विकत घेतला, ही समजूत तिथपासून रुजली आणि आजही ती तपासून पाहिली जात नाही. माझ्या मते तिने मालकी आणि श्रेय या दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या.

1969 मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. यवतमाळलाही त्याचे संशोधन केंद्र आहे. विद्यापीठाच्या वाणांची नावे पाहा: पीकेव्ही हायब्रीड-2 किंवा ‘एकेएच’ने सुरू होणारे वाण. संस्थेची आणि गावाची आद्याक्षरे त्यांत आहेत, पैदासकाराचे नाव नाही. सरळ वाणाची सरकी शेतकरी ठेवू शकत होता, तोवर ही अनामिकता फारशी खुपली नाही. सार्वजनिक पैशातून झालेले काम लोकांकडेच जात होते. संकरित वाणांनी हे चित्र बदलले. त्यांची घरची सरकी पुढच्या पिढीत एकसारखी येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. कायद्याआधी कुलूप घातले ते जीवशास्त्राने. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पिशवीतल्या जनुकासाठीही वेगळी रक्कम मोजावी लागू लागली.

कायदा इथे काय म्हणतो? 1957 चा कॉपीराइट कायदा स्पष्ट आहे: नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. 1970 च्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधासाठी असे कलम नाही. अर्ज खऱ्या शोधकाचा किंवा त्याने हक्क सोपवलेल्याचा. म्हणून कंपन्या हा हक्क नोकरीच्या करारातच लिहून घेतात. ब्रिटनने 1977 च्या कायद्यात नोकरदाराच्या भरपाईचीही सोय केली. बियाणे मात्र आपल्याकडे पेटंटबाहेर आहे. त्यासाठीच्या 2001 च्या कायद्यात ‘पैदासकार’ची व्याख्या व्यक्ती, शेतकरी यांच्याबरोबर संस्थेलाही लागू होते. पेटंट मागताना निदान एका हाडामांसाच्या शोधकाचे नाव द्यावे लागते. इथे इमारतसुद्धा पैदासकार ठरते.

यावर आक्षेप असा की, वाण एकट्याचा नसतो. जमीन, मजूर, वर्षानुवर्षांच्या चाचण्या हे सगळे संस्थेचे असते. हे खरे आहे, म्हणून मालकी संस्थेकडे असावी, याला माझी हरकत नाही. रॉयल्टीच्या मोहाने शास्त्रज्ञ कोरडवाहू पिके सोडून बाजाराच्या मागे जाईल, ही भीतीही अगदीच पोकळ नाही. पण ती हिश्श्याची मर्यादा ठरवायचे कारण आहे, नाव पुसायचे नव्हे. मोबदल्याचा हिशेब पगारात मिटला असे क्षणभर मानले, तरी श्रेय पगारपत्रकावर कधीच नव्हते.

आणि पगार हेच खरे कारण असते, तर पगार न घेणाऱ्याचे नाव टिकले असते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये आपल्या दीड एकरात वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि काही वर्षांत नवे भात उभे केले. ते कुणाचे नोकर नव्हते. विद्यापीठाने 1994 मध्ये त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि शुद्ध केल्याचे सांगून 1998 मध्ये वाण प्रसारित केला. 3 जून 2018 रोजी दादाजी गेले. त्या वाणाचे नाव पीकेव्ही-एचएमटी: पहिली तीन अक्षरे विद्यापीठाची, पुढची तीन एका घड्याळ कंपनीची.