तंग

घोड्याच्या छातीखालून जाऊन खोगीर पाठीवर धरून ठेवणारा पट्टा. तो चामडे, सुती किंवा लोकरी दोर, जाड विणीची पट्टी अथवा कृत्रिम रबरी कापड (निओप्रीन) यांचा करतात. इंग्रजी घडणीच्या खोगिराला तंगाची दोन्ही टोके बकलांनी जोडतात. अमेरिकी गुराख्यांच्या खोगिराचा तंग (सिंच) लांब चामडी पट्ट्याने कडीतून ओवून आवळतात. शर्यतीच्या घोड्याला खोगिरावरून आणखी एक लवचीक पट्टा बांधण्याची पद्धत आहे.

जागा : घोड्याला सामान्यतः बरगड्यांच्या १८ जोड्या असतात; त्यांपैकी पुढच्या ८ उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात. तंग या भागावर, पुढच्या पायाच्या कोपरामागे येतो. तेथे छातीचा घेर सर्वांत कमी असतो आणि तंग कोठेही बांधला तरी चालताना तो त्या अरुंद जागी उतरतो. खोगिराचे पट्टे या जागेच्या बरोबर वर, जमिनीशी काटकोनात लोंबत असतील, तर सरळ तंग पुरतो. अरुंद जागा कोपराला लागून असेल, तर सरळ तंग पुढे सरकतो आणि खोगीर खांद्यावर ओढतो. अशा घोड्याला मधला भाग पुढे व टोके मागे वळवलेला, कोपरापाशी खोलगट कापलेला तंग देतात. पोट सुटलेल्या, आखूड पायांच्या तट्टांत हा दोष विशेष आढळतो.

दाब : तंगाचा सर्वाधिक भार उरोस्थीवर पडतो, अशी जुनी समजूत होती आणि गाद्याही तेथेच भरत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात क्रीडा-घोड्यांवर दाबमापक पट्ट्या लावून मोजणी करण्यात आली. तीत दाबाची शिखरे कोपराच्या मागच्या बाजूस, पाय मागे जाताना स्नायू फुगतात तेथे आढळली. तो दाब टाळणारा तंग घातल्यावर पुढचे पाय अधिक पुढे पडू लागले व सांधे अधिक वाकू लागले. शर्यतीच्या घोड्यांवरील ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत तंग जितका ताणलेला, तितका घोडा लवकर थकतो, असे दिसले. साहित्यापरत्वेही फरक पडतो. हे प्रयोग फिरत्या धावपट्ट्यावरचे (ट्रेडमिल) असल्याने संथ सवारीला ते कितपत लागू करावेत, याबद्दल एकमत नाही.

निवड : दोन्ही बाजूंची बकले सारख्याच भोकात, पट्ट्याच्या साधारण मध्यावर बसावीत, म्हणजे घट्ट-सैल करायला वाव राहतो. आखूड तंगाची बकले कोपरामागे टोचता कामा नयेत. रुंद तंग भार पसरवतो, पण कोपराला घासतो; अरुंद तंग रुततो. एकाच टोकाला इलॅस्टिक असलेला तंग त्या बाजूने जास्त ओढला जातो व खोगीर वाकडे बसते, म्हणून दोन्ही टोकांना किंवा मध्यभागी इलॅस्टिक पसंत करतात. इलॅस्टिकमुळे हात न थांबता आवळत जाण्याचा धोका असतो. निओप्रीन घसरत नाही व धुण्यास सोपे. मात्र घाम कोंडतो आणि काही घोड्यांच्या कातडीला ते सोसत नाही. मेंढीचे कातडे मऊ, पण चिखलात जड होते. तीन पट्ट्यांच्या इंग्रजी खोगिरात पहिला व दुसरा किंवा पहिला व तिसरा पट्टा वापरावा. दुसरा व तिसरा बहुधा एकाच फितीला शिवलेले असतात. फीत तुटल्यास दोन्ही एकदम निसटतात.

आवळणे : एकदम न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळतात. नंतर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले की तंगाखालची चुणी मोडते. पुष्कळ घोडे आवळताना छाती फुगवून धरतात. म्हणून थोडे चालवून पुन्हा तपासावे.

खोगीर सरकणे : तंग जास्त आवळणे हा यावरचा उपाय नव्हे. खांद्यांवरचा उंचवटा कमी व पाठ गोल असलेल्या घोड्यात खोगीर कडेला फिरते. पुढे सरकणाऱ्या खोगिराला दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि मागे सरकणाऱ्याला पेशबंद (छातीवरून जाणारा पट्टा) लावतात. खोगिराचा साचा पाठीला जुळत नसेल, तर तंग बदलून फारसा फरक पडत नाही. स्वाराचे एका कुशीवर झुकणे हेही कारण सांगितले जाते. २०१३ च्या दुसऱ्या एका ब्रिटिश अभ्यासात १२८ घोडे तपासले. मागच्या पायाने लंगडणाऱ्या ७१ पैकी ३८ घोड्यांचे खोगीर एका बाजूस सरकत होते, तर निरोगी ११ पैकी एकाचेही नाही. भूल देऊन पायाची वेदना थांबवताच बहुतेकांचे सरकणे थांबले. त्यामुळे सतत एकाच बाजूला जाणारे खोगीर हे लंगडेपणाचे लक्षण असू शकते. आधी पशुवैद्याकडून घोडा तपासून घ्यावा.

इजा : वाळलेला घाम, केस वा चिखल यांमुळे कोपरामागे घासून जखम होते. ती भरेपर्यंत तंग बांधू नये. एकाचा तंग दुसऱ्याला घातल्याने कातडीचा बुरशीजन्य रोग पसरतो.

भारतात : खोगिरे व चामडी साज यांसाठी कानपूर प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात माथेरानची प्रवासी घोडी, मुंबई-पुण्याची शर्यतमैदाने व सारंगखेड्याचा घोडेबाजार येथे तंगाचा नित्य वापर होतो.

मराठा घोडदळातील साज : पहा – खोगीर.