लघुप्रतिकृती वृक्ष
रेल्वेच्या किंवा युद्धप्रसंगांच्या डायोरामासाठी ठरावीक प्रमाणात घडवलेली झाडे. त्यांचा खरेपणा पानांवर अवलंबून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो फांद्यांच्या बांधणीवर ठरतो. एचओ रेल्वे प्रतिकृतींच्या १:८७ प्रमाणात ५ सेंमी. लांबीचे पान जेमतेम ०.६ मिमी. उरते. ते सुटे दिसतच नाही, म्हणून पालवीला रंगीत फोमचा भुगा पुरतो. सांगाडा मात्र लपत नाही. बारीक तारांची जुडी पिळून खोड करायचे आणि वर जाताना त्यातून थोड्या थोड्या तारा फोडत न्यायच्या; या पद्धतीत फांदी आपोआप निमुळती होते. मग खऱ्या काटक्याच का वापरू नयेत? कारण २ मिमी. जाडीची काटकी या प्रमाणात १७ सेंमी. जाडीची फांदी ठरते, आणि तिचे टोकही पुरेसे बारीक होत नाही. खोडाला ती चालेल, शेंड्याला नाही.

दुसरा आक्षेप उंचीचा : २० मी. उंचीचे झाड २३ सेंमी.चे केले, की शेजारची घरे खुजी वाटतात. पण अशा झाडाशेजारी ती असतातच खुजी! जागा अपुरी असेल, तर मागच्या रांगेत बुटकी, फिकट झाडे लावून अंतराचा आभास साधणे रास्त; दर्शनी झाडाचा शेंडा छाटणे नव्हे.